दोनशें ऐंशींची मर्यादा

आपल्या मालाचे गुण वाढवून सांगणें हा व्यापाराचा सर्व देशांतला रिवाज आहे. जपानांतील मोटार-कारखानदारांनीं मात्र १९८९ पासून २००४ पर्यंत, म्हणजे तब्बल पंधरा वर्षें, अगदीं उलट रिवाज पाळला. जपानांत विकावयाच्या कोणत्याही गाडीच्या माहितीपत्रकांत २८० अश्वशक्तींहून मोठा आंकडा छापावयाचा नाहीं, असा त्यांचा आपसांतील करार होता. हा करार कायद्याच्या पुस्तकांत कोठेंही सांपडावयाचा नाहीं. जपानांत रस्त्यांवरील अपघातांत मरणारांची वार्षिक संख्या १९८८ सालीं पुन्हां दहा हजारांवर गेली होती. वेगवान् मोटारींची स्पर्धा अशीच चालूं राहिली तर सरकार हातांत छडी घेईल, हें कारखानदारांना दिसत होतें. छडी उगारली जाण्यापूर्वीं आपणच शहाण्या मुलासारखें हात बांधून बसावें, असें त्यांनीं ठरविलें. ताशीं १८० किलोमीटरला गाडीचा वेग आपोआप रोखणारी व्यवस्था गाड्यांत बसविलेली असेच. त्यांत शक्तीच्या मर्यादेची ही भर पडली. २८० हाच आंकडा कां, या प्रश्नाचें उत्तर साधें आहे. त्या वर्षीं निसानच्या 'फेअरलेडी झेड' या गाडीनें तो गांठला होता, आणि जेथें ती पोहोंचली तेथेंच सर्वांनीं मिळून सीमेचा दगड रोवला.

परंतु माहितीपत्रक छापणारे वेगळे आणि इंजिन घडविणारे वेगळे. त्याच १९८९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत निसाननेंच 'स्कायलाइन जीटी-आर' नांवाची जी गाडी ४४ लक्ष ५० हजार येन किंमतीला बाजारांत आणली, तिच्याही पत्रकावर २८० हाच आंकडा होता. तिचें इंजिन ज्यांनीं उघडून पाहिलें त्यांच्या ध्यानांत आलें, कीं हें लोखंड दोनशें ऐंशींसाठीं ओतलेलें नाहीं. छापलेला आंकडा आणि ओतलेलें लोखंड यांच्यामध्यें जी जागा मोकळी राहिली, त्या जागेंत जपानांतील एका विलक्षण कारागिरीचा संसार उभा राहिला. कारखान्यांतून आलेल्या गाडीचे भाग काढून त्यांच्या जागीं अधिक समर्थ भाग निवडून बसविण्याची ही कारागिरी होय.

ती समजण्यासाठीं टर्बो म्हणजे काय हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. इंजिन ही एका अर्थीं चूलच आहे. चुलींत लांकडें कितीही कोंबलीं, तरी वारा मिळाल्याखेरीज जाळ होत नाहीं. म्हणून घरांत फुंकणी असते व लोहाराच्या शाळेंत भाता असतो. इंजिनांतही हवा दाबून भरली, कीं तेवढ्याच आकारांत अधिक पेट्रोल जळतें व अधिक शक्ति मिळते. पण भाता चालविण्यास कोणी तरी खपावें लागतें. स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्यानें १९०५ सालीं पेटंट घेतलें, त्यांतली युक्ति अशी कीं भट्टींतून वायां जाणाऱ्या धुराकडूनच भाता चालवून घ्यावा. इंजिनांतून जोरानें बाहेर पडणारा तप्त वायु एक पंख्यासारखें चक्र फिरवितो. त्याच आंसावरचें दुसरें चक्र बाहेरची हवा ओढून ती दाबून इंजिनांत घालतें. दाबलेली हवा तापते, व तापलेली हवा विरळ होते, म्हणून ती मध्यें एका जाळीदार पेटींतून गार करून घेतात. या गार करणाऱ्या पेटीला इंटरकूलर म्हणतात. सारा खेळ एवढाच. जहाजांच्या व विमानांच्या इंजिनांत तो पुष्कळ वर्षें चालला. मोटारींत तो फार उशिरां आला, आणि जपानी मोटारींत त्याहूनही उशिरां.

जपानांत कारखान्यांतूनच टर्बो बसून आलेली पहिली गाडी निसानची 'सेड्रिक'. ती १९७९ च्या अखेरीस निघाली. शक्तीचें नांव काढलें तर सरकारी खातें नाक मुरडील, म्हणून कारखान्यानें टर्बोची भलामण इंधनाच्या बचतीसाठीं केली. तेलटंचाईच्या त्या दिवसांत ती मानवलीही. गंमत अशी, कीं खाजगी कारागीर या बाबतींत कारखान्याच्या पांच वर्षें पुढें होते. हिरोयुकी हासेगावा हे यामाहा कंपनींतील अभियंते. त्यांनीं ती नोकरी सोडून १९७३ सालीं फुजी पर्वताच्या पायथ्याशीं, दुभत्या गुरांच्या गोठ्यालगतच्या एका खोपटांत, इंजिनें सुधारण्याचा उद्योग मांडला. त्यांचे भागीदार गोइची कितागावा. दोघांच्या आडनांवांचीं आद्याक्षरें आणि भांडवल पुरविणाऱ्या सिग्मा या कंपनीचें आद्याक्षर मिळून 'एच्‌.के.एस्‌.' हें नांव झालें. दुसऱ्याच वर्षीं, १९७४ सालीं, त्यांनीं साध्या प्रवासी मोटारीला बसवितां येईल असा टर्बोचा तयार संच विक्रीस काढला. मोठे कारखाने जें करूं शकत नाहींत किंवा करूं इच्छीत नाहींत तें आपण करावें, ही त्यांची प्रतिज्ञा होती. पुढें १९८३ सालीं इबाराकी प्रांतांतील याताबे येथल्या चांचणी-मार्गावर त्यांनीं सुधारलेली टोयोटा 'सेलिका डबल-एक्स' ताशीं ३०० किलोमीटरच्या पलीकडे गेली. जपानी गाडीच्या बाबतींत हा आंकडा त्यापूर्वीं स्वप्नांतला होता. १९८१ सालीं निघालेल्या 'ऑप्शन' या मासिकानें असल्या चांचण्यांचीं वर्णनें छापून घरोघरच्या तरुणांना या नादाला लावलें. याताबेचा तो लंबवर्तुळाकार मार्ग आज उरलेला नाहीं.

आतां स्कायलाइनकडे वळावयास हरकत नाहीं. स्कायलाइन हें नांव मूळचें प्रिन्स नामक कंपनीचें. १९५७ सालीं तिनें तें आपल्या गाडीला दिलें, आणि १९६६ सालीं ती कंपनी निसानमध्यें विलीन झाली तेव्हां हें नांवही निसानच्या घरीं नांदावयास आलें. १९६९ सालीं पहिली 'जीटी-आर' निघाली. तिनें शर्यतींत नांव काढलें. १९७३ सालीं तिची दुसरी पिढी अवघ्या १९७ गाड्यांवर थांबली. धुराचे नवे कडक नियम आणि तेलटंचाई यांनीं तिचा गळा दाबला. त्यानंतर सोळा वर्षें हीं तीन अक्षरें कोणत्याही गाडीवर लागलीं नाहींत. इतक्या वर्षांनीं तीं पुन्हां लावावयाचीं, तर शर्यत जिंकलीच पाहिजे, अशी निसानच्या लोकांची जिद्द होती.

त्या वेळच्या 'ग्रुप ए' शर्यतींचे नियम मोठे हिशेबी होते. गाडी सामान्य गिऱ्हाइकांना विकलेली असावी, बारा महिन्यांत किमान ५,००० नग निघालेले असावे, आणि टर्बो असेल तर इंजिनच्या आकारमानाला १.७ नें गुणून येईल तो आकार धरावा. टर्बोवाल्या लहान इंजिनानें मोठ्या इंजिनाच्या पंक्तीला बसावें, असा त्यांतला न्याय होता. निसानचा पहिला बेत सुमारें २.४ लिटरच्या इंजिनाचा होता. त्याला १.७ नें गुणलें कीं गाडी चार लिटरच्या वर्गांत बसे. परंतु मधल्या काळांत गाडीला चारी चाकें ओढणारी योजना जोडण्याचें ठरलें. त्यामुळें वजन वाढलें आणि चार लिटरच्या वर्गांत ती मागें पडेल असें दिसूं लागलें. तेव्हां अभियंत्यांनीं हिशेब उलटा मांडला. साडेचार लिटरच्या वर्गांत वजन अधिक चालतें, टायरही अधिक रुंद चालतात; मग इंजिनच मोठें करावें! अशा रीतीनें २,५६८ घन सेंटिमीटरचें, सहा सिलिंडरांचें, दोन टर्बोंचें इंजिन जन्माला आलें. त्याला १.७ नें गुणल्यास ४,३६५ येतात. 'आरबी२६डीईटीटी' या त्याच्या लांबलचक नांवांतील २६ हा आंकडा असा शर्यतीच्या नियमपुस्तकांतून उतरलेला आहे.

म्हणजे घरच्या बायकामुलांना घेऊन हिंडावयाच्या गाडीच्या पोटांत शर्यतीसाठीं आंखलेलें इंजिन बसलें. त्याचा सांगाडा ओतीव लोखंडाचा. प्रत्येक सिलिंडरला हवा देणारी झडप स्वतंत्र. शर्यतीच्या गाड्यांत हेंच इंजिन पांचशेंहून अधिक अश्वशक्ति देत असे. जपानच्या राष्ट्रीय शर्यतींत १९९० पासून १९९३ पर्यंत या गाडीनें २९ पैकीं २९ शर्यती जिंकल्या. ऑस्ट्रेलियांतील बाथर्स्ट येथें १९९१ व १९९२ सालीं जिम रिचर्ड्‌स्‌ व मार्क स्काइफ या जोडीनें तिच्यावरच विजय मिळविला. तेथील वृत्तपत्रांनीं तिला 'गॉडझिला' हें जपानी चित्रपटांतल्या राक्षसाचें नांव दिलें. तें इतकें चिकटलें, कीं आज मूळ राक्षसाहून गाडीच पुष्कळांना आधीं आठवते. जपानांत वाहतूक आपल्याप्रमाणेंच डावीकडून चालत असल्यामुळें ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व इंग्लंड येथें ह्या गाड्या विनासायास खपल्या, हेंही तिच्या कीर्तीचें एक कारण आहे.

परंतु शर्यतीसाठीं घडविलेल्या या इंजिनांत एक नाजुक जागा मुद्दाम ठेवलेली होती; आणि तिच्याभोंवतींच पुढच्या निवडीचा सर्व इतिहास फिरतो. दोन्ही टर्बोंमधील धुरानें फिरणारीं चक्रें धातूचीं नव्हतीं, तीं सिरॅमिकचीं होतीं. सिरॅमिक म्हणजे चिनी मातीच्या कुळांतलाच, परंतु कारखान्यांत भाजून अतिशय कठीण केलेला पदार्थ. तो धातूहून पुष्कळ हलका. चक्र हलकें असलें कीं तें चटकन् वेग घेतें, आणि पाय दाबल्यापासून शक्ति मिळेपर्यंतचा टर्बोचा सुप्रसिद्ध आळस कमी होतो. रोजच्या वापरासाठीं ही निवड उत्तमच होती. कारखान्यानें ठेवलेल्या, सुमारें पाऊण बार इतक्या, दाबांत हीं चक्रें वर्षानुवर्षें टिकत. पण दाब एक बारच्या पलीकडे नेला, उष्णता वाढली, कीं बशी हातांतून निसटावी तसें चक्र फुटे. आंसापासून तें सुटलें कीं टर्बो निकामी होई, आणि नशीब वाईट असेल तर इंजिनच्या अंगावरही येई.

कारखान्याला हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. १९९० सालीं शर्यतीच्या नियमासाठीं ५६० खास गाड्या काढल्या, त्यांपैकीं ५०० विकल्या व ६० स्वतःजवळ ठेवल्या. त्या गाड्यांच्या टर्बोंत सिरॅमिक नव्हतें, धातूचीं चक्रें होतीं. सामान्य गिऱ्हाइकाला चपळ पण नाजुक चक्र, आणि शर्यतीच्या गाडीला जड पण दणकट चक्र, असा हा वांटपाचा हिशेब होता. तो अप्रामाणिक म्हणतां यावयाचा नाहीं. पण गिऱ्हाइकाच्या हातीं तो कागद आला नाहीं, हेंही खरें. तो त्याला गराजमध्यें, मोडलेला टर्बो हातांत घेऊन, वाचावा लागला.

मोह पडावयास कारणही क्षुल्लकच होतें. टर्बोचा दाब ताब्यांत ठेवणाऱ्या रबरी नळींत कारखान्यानें एक बारीक छिद्राची छोटी गुंडी बसविली होती. ती काढली, कीं एक पैसाही खर्च न करतां दाब एक बारच्या आसपास जाई आणि गाडी एकदम निराळी वाटे. आगगाडीच्या इंजिनाची बाफ सोडणारी झडप बांधून ठेवावी, तसाच हा प्रकार. पुष्कळांनीं ती गुंडी काढली. कांहींनीं तेथेंच थांबण्याचें शहाणपण दाखविलें. कांहींनीं दाब आणखी वाढविणारें यंत्र आणून जोडलें, आणि महिना-दोन महिन्यांनीं नव्या टर्बोची चौकशी सुरू केली.

यांतून कारागिरांमध्यें निवडीचा एक क्रम रूढ झाला. तो कोणीं एका बैठकींत ठरविला नाहीं. मोडलेल्या यंत्रांनीं तो ठरविला. आरंभ बाहेर जाणाऱ्या वाटेपासून करावयाचा. टर्बोनंतरच्या धुराच्या नळ्या व सायलेन्सर हीं कारखान्यानें शांततेसाठीं अरुंद ठेवलेलीं असत. तीं रुंद केलीं कीं धुराची कोंडी सुटे व चक्र लवकर फिरूं लागे. नंतर हवा येण्याची वाट व इंटरकूलर. नंतर दाब, तोही बेताचा. आणि दाब वाढवावयाचा तर पेट्रोलही त्या प्रमाणांत वाढलें पाहिजे. हा नियम जो विसरला त्याचें इंजिन गेलें. हवा जास्त व पेट्रोल कमी झालें, कीं सिलिंडरमधील मिश्रण वेळेपूर्वींच आपोआप भडकतें. बाहेर त्याचा खणखणाट ऐकूं येतो. आंत दट्ट्याच्या माथ्यावर हातोडा बसत असतो. असे कांहीं ठोके पडले, कीं दट्ट्याच्या कडा तुटतात. या गाडीच्या कारखानी पेट्रोल-फवारण्या व हवा मोजणारीं यंत्रें साधारण चारशें अश्वशक्तींच्या आसपास अपुरीं पडूं लागत. तेथवर जाणारास एक हिशेब, तेथून पुढें जाणारास दुसरा.

येथें एक निराळ्याच प्रकारची कारागिरी पुढें आली. इंजिनांत केव्हां ठिणगी द्यावी व किती पेट्रोल सोडावें, हें ठरविणारा एक लहानसा संगणक या गाडींत असे, आणि त्याचे सर्व हुकूम एका चिपेंत कोरलेले असत. ती चिप काढून नवे हुकूम कोरून बसविणें, हें या काळांतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जोखमीचें काम. ताशीं १८० ची मर्यादाही त्याच चिपेंत लिहिलेली होती. नवी चिप बसली कीं तीही पुसली जाई. योकोसुका येथील 'माइन्स' ही संस्था या कामीं विशेष नांवाजली. तिच्या गाड्यांत मोठमोठे टर्बो नसत. लहान टर्बो, नीट लिहिलेली चिप, मोकळी केलेली धुराची वाट आणि घट्ट बांधलेला सांगाडा, एवढ्यावर ती काम भागवी. याच्या उलट पंथही होता. दोन्ही लहान टर्बो काढून त्यांच्या जागीं एकच प्रचंड टर्बो बसवावा, म्हणजे शक्तीचा आंकडा सहाशें-सातशेंवर नेतां येतो. पण प्रचंड चक्राला फिरावयास वेळ लागतो. पांच हजार फेऱ्यांपर्यंत गाडी झोंपलेली, आणि मग एकाएकीं कानशिलांत बसल्यासारखी जागी होते. चारशें मीटरच्या सरळ शर्यतींत हें चालतें; घाटांतल्या वळणावर नाहीं. आंकडा छापून दाखविण्यासाठीं एकेरी टर्बो, आणि गाडी चालविण्यासाठीं जोडी, असाच निवाडा त्या काळच्या बहुतेक जाणत्या कारागिरांच्या कामांतून निघतो, आणि तो बरोबर आहे.

दिसणाऱ्या भागांवर पैसा खर्च करावयास माणसें सदा तयार असतात. न दिसणाऱ्या भागांवर करीत नाहींत. या इंजिनाचा तेलाचा पंप असाच न दिसणारा. तो इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोंकावर थेट बसतो, आणि पहिल्या गाड्यांत त्या टोंकाची पकड फारच अरुंद होती. फेऱ्यांची कमाल मर्यादा गांठून इंजिन वारंवार थरथरूं लागलें, कीं पंपाच्या आंतील दातेरी चाकाला तडा जाई. तेल थांबलें म्हणजे कांहीं क्षणांत सर्व संपलें. पुढच्या काळांत निसाननें ती पकड रुंद केली. शर्यतीसाठीं १९९१ सालीं काढलेल्या 'एन्‌-१' प्रकारांत तर तेलाचा पंप, पाण्याचा पंप व टर्बो हीं तिन्ही सुधारून दिलीं. हे 'एन्‌-१'चे भाग सामान्य गिऱ्हाइकालाही विकत मिळत. दुसरी उणीव तेलाच्या परतीची. जोरांत धांवतांना तेल इंजिनाच्या माथ्यावर चढून तेथेंच सांचे, आणि खालची टांकी कोरडी पडे. म्हणून वर जाणारें तेल थोडें आंखडावयाचें, परत येण्याच्या वाटा मोठ्या करावयाच्या, आणि टांकींत आडवे पडदे घालावयाचे, अशी तोड निघाली. शंभर अश्वशक्ति विकत घेण्यापूर्वीं या तीन कामांना पैसे मोजा, असें सांगणारा कारागीर गिऱ्हाइकाला कंटाळवाणा वाटे. पण त्याच्याच गाड्या पुढें वीस-तीस वर्षें चालल्या.

ब्रेकचीही तीच कथा. पहिल्या गाडीचे ब्रेक तिच्या वजनाला व वेगाला पुरे पडत नाहींत, ही तक्रार आरंभापासून होती. १९९३ च्या फेब्रुवारींत निघालेल्या 'व्ही-स्पेक' प्रकारांत निसाननें इटलींतील ब्रेम्बो कंपनीचे ब्रेक व मोठीं चाकें घातलीं, तेव्हां एका अर्थीं ती तक्रार मान्यच केली. तोंपर्यंत कित्येकांनीं आधीं शक्ति वाढविली होती आणि ब्रेक पुढच्या बोनसवर ढकलले होते. तोक्योभोंवतींच्या उन्नत महामार्गांवर, विशेषतः उपसागराच्या कांठानें जाणाऱ्या 'वांगान' मार्गावर, रात्रीं ज्या चोरट्या शर्यती चालत, त्यांत या क्रमाची किंमत रक्तानें मोजली गेली. १९९० मध्यें सुरू झालेली 'वांगान मिडनाइट' ही चित्रमालिका तिच्याच नांवाची. १९९५ सालीं निघालेली 'इनिशियल डी' ही दुसरी लोकप्रिय चित्रमालिका. तिच्यांतील तरुण नायक टर्बो नसलेली जुनी टोयोटा चालवितो, आणि घाटाच्या उतारावर स्कायलाइन जीटी-आरलाही हरवितो. चित्रकर्त्याला कारागिरांचें मर्म कळलें होतें म्हणावयाचें!

आतां सरकारची बाजू. जपानांत खाजगी मोटारीची ठराविक मुदतीनें सक्तीची तपासणी होते. तिला 'शाकेन' म्हणतात. नवी गाडी तीन वर्षांनीं, व नंतर दर दोन वर्षांनीं. १९९५ पर्यंत दहा वर्षांहून जुनी गाडी दरवर्षीं न्यावी लागे. गाडींत केलेला बदल या तपासणींत गुन्हाच ठरण्याचा संभव असे. म्हणून हौशी लोक तपासणीपूर्वीं मूळ भाग परत बसवीत व तपासणी होतांच पुन्हां काढीत. गाड्या तपासणीपुरत्या सोंवळ्यांत असत म्हणा ना! अशा चोरवाटेनें चालणाऱ्या धंद्यांत चांगला कारागीर व लुच्चा कारागीर यांतला फरक गिऱ्हाइकाला कळणें कठीण असतें, कारण तक्रार कोणाकडे न्यावयाची? १९९५ सालीं हें चित्र पालटलें. ठराविक भाग खास परवानगीशिवाय बदलण्यास सरकारनें मोकळीक दिली. त्या पालटामागें जपानी हौशी लोकांची विनवणी जेवढी होती, त्याहून अधिक अमेरिकेचा व्यापारी दाब होता. आपले सुटे भाग जपानांत खपत नाहींत, तुमची तपासणी-पद्धतिच त्यांना आडवी येते, असा अमेरिकेचा दावा त्या वर्षींच्या मोटार-वाटाघाटींत होता. अमेरिकन भाग त्या वाटेनें कितीसे गेले हा प्रश्न निराळा. जपानी कारागिरांची दुकानें मात्र त्या वाटेवर उजळ माथ्यानें उभीं राहिलीं.

२००४ सालीं कारखानदारांनीं आपला करार सोडला, आणि होंडाची ३०० अश्वशक्तींची 'लेजंड' निघाली. स्कायलाइन जीटी-आरची शेवटची पिढी त्यापूर्वीं दोन वर्षें, २००२ मध्यें, बंद झाली होती. म्हणजे तिचें सारें आयुष्य दोनशें ऐंशींच्या सहीशिक्क्याखालीं गेलें. २००७ सालीं आलेल्या नव्या 'जीटी-आर'च्या पत्रकावर ४८० अश्वशक्ति उघड छापलेल्या होत्या. तिच्यांतील वेगमर्यादा तर गाडी मान्यताप्राप्त शर्यत-मार्गावर आहे असें उपग्रहाकडून कळल्याशिवाय उठत नसे. छुपी गुंडी काढण्याची सोय तिनें ठेवली नाहीं.

जुन्या गाडीचें नशीब पुढें भलतीकडूनच उघडलें. अमेरिकेंत पंचवीस वर्षांहून जुन्या परदेशी मोटारींना तेथील सुरक्षा-नियमांतून सूट मिळते. १९८९ च्या गाड्यांना ही सूट २०१४ सालापासून लागू होऊं लागली, आणि जपानांतल्या गाड्या जहाजांवर चढूं लागल्या. तिकडच्या गिऱ्हाइकानें प्रथम विचारलें तें असें, कीं गाडीला हात लागलेला नाहीं ना? ज्या बदलांसाठीं एके काळीं वर्षाचा पगार खर्चीं पडला होता, त्यांनींच आतां किंमत उतरूं लागली. मूळ चिप, मूळ सायलेन्सर, मूळ टर्बो यांना मागणी आली. पुष्कळांनीं ते केव्हांच भंगारांत घातले होते. निसानच्या 'निस्मो' या शाखेनें २०१७ च्या डिसेंबरांत या गाडीचे बंद पडलेले भाग पुन्हां करून विकण्यास आरंभ केला. विजेच्या तारांचे जुडगे, नळ्या, बाहेरच्या अंगावरचीं बोधचिन्हें असलें सामान त्या पहिल्या यादींत होतें. शाकेनच्या भीतीनें का होईना, ज्यांनीं काढलेले भाग जुन्या कापडांत गुंडाळून माळ्यावर ठेवले होते, त्यांना ती यादी चाळण्याचें कारण पडलें नाहीं.